जवळच्या वाटांची उपेक्षा

मराठी समाजात प्रवासाविषयी एक मत इतके रुळले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. वर्षा-दोन वर्षांतून एकदा मोठी रजा टाकून, पैसे साठवून किंवा हप्त्यांवर उचलून, जमेल तितक्या दूरच्या मुलखात जाणे म्हणजे प्रवास. तोच आठवणीत राहतो आणि चार लोकांत बोलावे ते त्याच्याविषयीच, असे हे मत सांगते. मग रविवारी दुपारी नाट्यगृहात जाणे, तासाभराच्या अंतरावरचे लेणे पाहणे, शेजारच्या गावच्या जत्रेला जाऊन येणे, संग्रहालयात अर्धा दिवस घालवणे, व्याख्यानमालेतले एखादे व्याख्यान ऐकून रात्री घरी परतणे, हे सारे किरकोळात जमा होते आणि ‘उगाच भटकणे’ या दोन शब्दांत निकालात निघते.

या मताचे समर्थक आपली बाजू मोठ्या आत्मविश्वासाने मांडतात. जवळचे ठिकाण केव्हाही पाहता येते, तेव्हा ते आजच पाहण्याचे कारण नाही, असे ते म्हणतात. नाटक, संगीत, लेणी आणि संग्रहालये हे पोटापाण्याची भ्रांत मिटलेल्यांचे शौक असून कष्टकऱ्याला, आणि विशेषतः घर सांभाळणाऱ्या बाईला, त्यांच्यासाठी ना सवड असते ना त्यांची गरज, असेही ते सांगतात. प्रवासाच्या आठवणी काढत बसणे हा निवृत्तांचा विरंगुळा असल्याचे त्यांना वाटते, आणि आता सगळेच मोबाइलच्या पडद्यावर दिसत असल्याने उठून जाण्याचे प्रयोजनच संपले, असा त्यांचा शेवटचा निर्वाळा असतो. ही विधाने ऐकताना व्यवहारी वाटतात. प्रत्यक्षात त्यांतले एकही पुराव्यापुढे टिकत नाही, आणि त्यांच्यामुळे होणारे नुकसान मात्र दरवर्षी वाढत आहे.

जवळचे केव्हाही पाहता येते, हे विधान आधी घ्यावे, कारण बाकीच्या विधानांना बळ त्याच्यातूनच मिळते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून सुमारे सहा किलोमीटर आत कान्हेरीचा डोंगर आहे. त्या एका डोंगरात शंभराहून अधिक लेणी खोदलेली असून बौद्ध भिक्षूंची वस्ती तेथे अनेक शतके नांदत होती. तेथील विहारांच्या, म्हणजे भिक्षूंना राहण्यासाठी खोदलेल्या लेण्यांच्या, दारांशी पाण्याची टाकी आहेत. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी कातळात कोरलेल्या पन्हळींतून या टाक्यांकडे वळवलेले आहे, आणि ही सारी रचना इतक्या विचाराने केलेली आहे की, भर पावसात तो डोंगर चढणाऱ्याला ती वाहताना पाहता येते. उन्हाळ्यात पाणीकपातीच्या बातम्या वाचणाऱ्या महानगराच्या पोटातच पाणी साठवण्याचा हा प्राचीन धडा उघडा पडलेला आहे. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांतून रोज बोरिवली ओलांडणाऱ्यांपैकी किती जणांनी तो वाचला आहे? ज्यांनी वाचलेला नाही त्यांना तो आयुष्यभर ‘केव्हाही’ वाचता येणार होता, आणि तो दिवस उजाडला नाही. जवळच्या ठिकाणाचा हा खरा अनुभव आहे: केव्हाही म्हणून ठेवलेले बहुधा कधीच पाहिले जात नाही.

जवळ असलेले हातचे आहे आणि म्हणून सुरक्षित आहे, ही समजूतही तितकीच पोकळ आहे. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ या नावाने उभारले, आणि शंभराहून अधिक वर्षे ते कोल्हापूरकरांच्या रोजच्या वाटेवर होते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, ज्या गायक-नटाचे नाव त्याला दिलेले आहे त्या केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ते आगीत भस्मसात झाले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तेथे जमलेले लोक ढसाढसा रडले. ते रडले याचे कारण त्या रंगमंचावर त्यांनी नाटके पाहिली होती, कित्येकांनी केली होती, आणि आपल्या आईवडिलांचा हात धरून ते त्या खुर्च्यांवर जाऊन बसले होते. दहा शहरांच्या सहलीत पाहिलेली एखादी इमारत जळाली तर त्या सहलीतल्या किती प्रवाशांच्या डोळ्यांत पाणी येईल? ठिकाण आणि माणूस यांच्यात असे नाते जडायला पुन्हा पुन्हा जावे लागते, आणि पुन्हा पुन्हा जाणे फक्त जवळच्याच ठिकाणी शक्य असते.

मराठी साहित्याने ही गोष्ट केव्हाच सिद्ध केलेली आहे. गो. नी. दांडेकर आयुष्यभर सह्याद्रीतले तेच गड चढत राहिले. ‘दुर्गभ्रमणगाथा’ हे पुस्तक त्या पुनरावृत्तीतून आले, एका धावत्या फेरीतून ते येणे शक्य नव्हते. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ मराठी महिन्यांच्या क्रमाने भोवतालच्या झाडापानांतले आणि आभाळातले बदल टिपत जाते, आणि त्यातले सौंदर्य कोणत्याही विमानतळाच्या पलीकडचे नाही. पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६० साली प्रसिद्ध झाली तेव्हा परदेशप्रवासाचे मराठी वर्णन एका नव्या उंचीला पोहोचले. परंतु त्याच लेखकाची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली आधीच आलेली होती. चाळीतल्या माणसांचे बोलणे, चालणे, गाणे आणि भांडणे जिव्हाळ्याने पाहण्याची जी नजर घरी घडली होती, तीच विलायतेत कामी आली. ज्याची नजर घराजवळ घडलेली नाही त्याला दूरचा देश काय दाखवणार? तो तेथेही उपाहारगृहे, दुकाने आणि स्वतःचा चेहरा एवढेच पाहून परततो, आणि हे असे परतणे आज सर्वत्र दिसते.

याचा आणखी एक पुरावा परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसांनीच दिलेला आहे. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची मध्यवर्ती संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले आणि त्याचे अधिवेशन दर दोन वर्षांनी भरते. त्या अधिवेशनाला माणसे शेकडो मैल ओलांडून येतात, आणि ज्यासाठी येतात त्यात मराठी नाटक, मराठी गाणे आणि मराठी व्याख्यान यांचा मोठा वाटा असतो. ज्या गोष्टीपासून माणूस दुरावला ती पुन्हा मिळवण्यासाठी त्याला समुद्रापलीकडे एवढा खटाटोप करावा लागतो, आणि ती जेथे पायी जाण्याच्या अंतरावर आहे तेथे तिला किरकोळ ठरवले जाते. ही उपेक्षा दारिद्र्यातून आलेली नाही. तिच्यामागे केवळ आळस आणि चुकीचा मानदंड आहे.

आता चैनीच्या आरोपाकडे वळावे. संस्कृतीचा आस्वाद ही पोट भरलेल्यांची मिरास आहे, असे म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्रातील लेण्यांतले दानलेख एकदा वाचावेत. दानलेख म्हणजे लेण्याचा एखादा भाग, खांब, दार, टाके किंवा वाट कोणाच्या दानातून झाली याची कातळावरची नोंद. कार्ल्याच्या चैत्यगृहाची, म्हणजे स्तूपाच्या पूजेसाठी खोदलेल्या लांबट दालनाची, लांबी सुमारे १२४ फूट आहे. त्याच्या कमानदार छताला लावलेल्या लाकडी फासळ्या जवळजवळ दोन हजार वर्षे टिकून आहेत, आणि तेथील दात्यांत धेनुकाकट या गावचा एक गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आणि त्याच गावचा एक सुतार आहे. कान्हेरीच्या दात्यांत कल्याणचे सोनार आणि लोहार आहेत. जुन्नरच्या लेण्यांत धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे एका धंद्यातल्या लोकांच्या संघाने, दिलेले दान नोंदलेले आहे. हातात हातोडा आणि तराजू घेऊन जगणारी ही माणसे घाटवाटांनी येत-जात होती, वाटेवरच्या लेण्यात थांबत होती आणि आपल्या कमाईतला वाटा तेथे ठेवत होती. ज्या कलेला आज श्रीमंतांचा शौक म्हटले जाते तिच्या पायाशी कारागिरांची नावे कोरलेली असताना हा आरोप कोणत्या तोंडाने केला जातो?

हे प्राचीन काळापुरते आहे, असेही म्हणता येणार नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या जिल्ह्यांना झाडीपट्टी म्हणतात, आणि तेथे दिवाळीनंतर, धानाची कापणी आटोपत आली की, नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगावी मंडई भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि रात्री गावातले मंडळ कापडी मंडपात नाटक लावते, ते पहाटेपर्यंत चालते. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या नाटक कंपन्यांचे केंद्र आहे. हंगामात तेथून कलावंत, पडदे आणि वाद्ये घेऊन गाड्या रोज नव्या गावाला निघतात. नाटकाच्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, सोयरे मुक्कामाला येतात, घरे पाहुण्यांनी भरतात आणि कित्येक सोयरिकी तेथेच जुळतात. या प्रेक्षकांतला फार मोठा भाग शेतकरी आणि शेतमजूर आहे, तो तिकीट काढून नाटक पाहतो, आणि त्याच्या या आवडीवर कित्येक कुटुंबांचा उदरनिर्वाह चालतो. झाडीपट्टीतले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या अनेकांनी या रंगभूमीचे नाव प्रथमच ऐकले. चैनीचा सिद्धांत मांडणाऱ्यांना हा प्रेक्षक दिसत नाही, कारण तो त्यांच्या गृहीतकात बसत नाही.

सिंधुदुर्गातल्या आणि उत्तर गोव्यातल्या दशावताराचेही तेच आहे. देवस्थानाच्या वार्षिक जत्रेत रात्रभर चालणारे हे नाट्य पाहायला दिवसभर शेतावर, होडीवर किंवा दुकानात राबलेली माणसे येतात आणि सकाळी पुन्हा कामाला लागतात. गोव्यातल्या कितीतरी गावांत तर देवळाच्या उत्सवात गावकरी स्वतःच मराठी नाटक बसवतात आणि स्वतःच्याच गावापुढे करतात. कष्ट आणि कला यांच्यात वैर आहे ही कल्पना ज्यांनी कधी अशी रात्र जागवलेली नाही त्यांची आहे.

परंतु चैनीच्या या आरोपाचे सर्वांत कुरूप रूप स्त्रियांच्या बाबतीत दिसते. राज्य परिवहन महामंडळाच्या एसटी बसमध्ये १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना तिकिटात पन्नास टक्के सवलत मिळू लागली. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास मिळाला होता. दोन्ही निर्णयांनंतर गाड्यांत गर्दी वाढली, आणि लगेच पारापारावर, कचेऱ्यांत आणि घराघरांत एकच तक्रार सुरू झाली की, बायका आणि म्हातारी माणसे आता काम नसताना फिरू लागली आहेत. ही तक्रार अत्यंत शांतपणे तपासून पाहिली पाहिजे, कारण तिच्यात या साऱ्या मनोवृत्तीचे मूळ आहे. काम नसताना म्हणजे कोणाच्या हिशेबाने? पुरुष मित्रांबरोबर गडावर गेला, सामना पाहायला गेला, नाक्यावर तासन् तास बसला, तर त्याचे कारण कोणी विचारत नाही. बाई बहिणीला भेटायला, एकवीरेला, जेजुरीला, नाशिकला किंवा तालुक्याच्या गावी भरलेल्या प्रदर्शनाला निघाली की तिच्याकडे प्रयोजनाचा दाखला मागितला जातो. ज्या बाईचे सारे आयुष्य चूल, शेत आणि आजारपणे यांत गेले तिने साठाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या इच्छेने एसटीत पाऊल ठेवले, तर त्या पावलाला निरुपयोगी म्हणण्याचा अधिकार कोणाला कोणी दिला?

या तक्रारीत आर्थिक शहाणपण आहे असेही नाही. एसटीची गाडी ठरलेल्या वेळी सुटते, आणि तिच्यात बसलेली अर्ध्या तिकिटाची बाई त्या गाडीच्या उत्पन्नात भर घालते, सवलतीची रक्कम शासन महामंडळाला देते, आणि ही बाई ज्या गावी उतरते तेथल्या फुलवाल्याला, चहावाल्याला आणि रिक्षावाल्याला चार पैसे मिळतात. गर्दी होत असेल तर गाड्या वाढवण्याची मागणी व्हायला हवी. गाड्या वाढवण्याऐवजी माणसे घरी बसवण्याची मागणी करणे हा न्याय कोणता? शिवाय महाराष्ट्राला हे सांगायची गरज पडावी हेच दुःखद आहे. शेकडो वर्षे आषाढी-कार्तिकीला पंढरपूरची वाट चालणाऱ्या वारकऱ्यांत स्त्रिया आहेत, आणि इरावती कर्वे यांच्यासारख्या मानवशास्त्रज्ञ विदुषीने स्वतः दिंडीबरोबर चालून त्या वाटचालीवर लिहिले, कारण समाज कसा घडतो हे त्या वाटेवर दिसते असे त्यांना वाटले. ज्या प्रदेशाची ओळखच बायाबापड्यांच्या चालण्याने घडली त्या प्रदेशात बायाबापड्यांच्या फिरण्याला नावे ठेवली जातात.

आठवणींविषयीचा आक्षेप याहून अधिक सहज खोडता येतो, तरी तो खोडायला हवा, कारण तो सुशिक्षितांच्या तोंडी अधिक असतो. प्रवासाच्या आठवणी म्हणजे रिकामपणाचे बोलणे असते, तर १८५७ च्या धामधुमीचे मराठीतले एक अनमोल साधन आज कोणाच्या हाती लागले नसते. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरावरचे कर्ज फिटावे म्हणून, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने, आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि उठावात सापडले. इंग्रजांच्या फौजेने झाशी जिंकून लुटली तेव्हा ते त्या शहरात होते. ते घरी परतले ते मिळवलेले बहुतेक सारे वाटेत लुटले जाऊन. पुढे बऱ्याच वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून, त्यांनी आपल्या आठवणी लिहून काढल्या, आणि वैद्यांनी त्या ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध केल्या. गोडसे भटजी सरदार नव्हते, इतिहासकार नव्हते, श्रीमंत तर नव्हतेच. एका गरीब भिक्षुकाने पाहिले, लक्षात ठेवले आणि सांगितले. हे सांगणे ऐकणारा कोणी त्यांना भेटला म्हणून ते वाचले. ‘म्हातारपणाची बडबड’ म्हणून किती घरांत अशीच सांगणी ऐकून घेतली गेली नाहीत आणि सांगणाऱ्याबरोबर नाहीशी झाली, याची मोजदाद आता होऊ शकत नाही.

लहानशा सहलीची नोंदही वाया जात नाही. कान्हेरीच्या एका लेण्यात पहलवी लिपीत, म्हणजे प्राचीन इराणी लोक वापरत त्या लिपीत, कोरलेले लेख आहेत, इ. स. १००९ आणि १०२१ या सालांत तेथे येऊन गेलेल्या जरथुष्ट्री मंडळींची नावे आणि भेटीचा दिवस त्यांत नोंदलेला आहे. बौद्धांचे लेणे पाहायला आलेल्या दुसऱ्या धर्माच्या माणसांची ही नोंद आज पश्चिम भारताच्या इतिहासाला एक तारीखवार पुरावा पुरवते. (प्राचीन वास्तूंवर नावे कोरणे आज गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे, नोंद ठेवायला वह्या पुष्कळ आहेत.) त्या मंडळींना कोणी विचारले असते की, या डोंगरात चढून तुमच्या हाती काय लागले, तर त्यांना तरी काय सांगता आले असते? अनुभवाचे मोल त्याच संध्याकाळी हिशेबात दाखवा, अशी सक्ती केली तर माणसाच्या आयुष्यातल्या बहुतेक चांगल्या गोष्टी तोट्याच्या ठरतील.

राहिला पडद्याचा युक्तिवाद. मोबाइलवर सर्व दिसते, हे म्हणणाऱ्यांनी दशावतार कसा उभा राहतो याची माहिती करून घ्यावी. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरलेले असते आणि बोलणे नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात, समोरच्या गावाकडे पाहून, त्याच्या हशाला आणि शांततेला उत्तर देत. म्हणजे प्रेक्षक तेथे असणे हा त्या कलेचाच एक भाग आहे, आणि चित्रफितीत उरतो तो एका रात्रीचा, एका गावापुरता अवशेष. चित्रफीत अभ्यासाला उपयोगी आहे, आजाऱ्याला आणि परदेशी असलेल्याला ती आधार आहे, एवढे मान्य करावे. त्यापुढे एक पाऊलही मान्य करू नये.

संग्रहालयातही हेच घडते. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे, आणि त्याला त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव आहे. तेथे राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, दौती, वज्री म्हणजे पाय घासण्याची साधने, स्वयंपाकघरातली भांडी आणि घरांची कोरीव दारे यांचे महत्त्व अधिक आहे. या वस्तू पडद्यावर पाहिल्या तर त्या चित्रे असतात. त्यांच्यासमोर आजी आणि नात एकत्र उभ्या राहिल्या की आजीला आपल्या घरातला तसाच अडकित्ता आठवतो, तो कोणाचा होता, कोण कातरत बसे, घर मोडताना तो कोठे गेला, हे ती सांगू लागते, आणि नातीला आपल्या कुटुंबाची अशी एक गोष्ट कळते जी एरवी कधी निघालीच नसती. केळकरांनी वस्तू जमवल्या त्या अशा बोलण्यासाठी. पडदा एकट्याने पाहिला जातो आणि बोटाने पुढे सरकवला जातो. त्याच्यापुढे कोणाला काही आठवत नाही, कारण आठवायला कोणी थांबलेले नसते.

या सर्वांवर शेवटचे म्हणून एक उत्तर नेहमी दिले जाते: वेळ कोठे आहे? हे उत्तर मात्र खरे आहे. विरारहून किंवा बदलापूरहून मुंबईत कामाला येणाऱ्या माणसाचा दिवस गाडीच्या गर्दीत सुरू होतो आणि गर्दीतच संपतो, आणि त्याने संध्याकाळी नाटकाला जावे अशी अपेक्षा धरणे निष्ठुरपणाचे आहे. पण यातून निष्कर्ष कोणता निघतो? त्याला नाटकाची गरज नाही, असा निघत नाही. नाट्यगृह त्याच्या स्थानकाजवळ हवे, प्रयोग त्याच्या सुटीच्या दिवशी हवा, तिकीट त्याच्या खिशाला झेपणारे हवे आणि परतीची गाडी मिळायला हवी, असा निघतो. सवड नसणे हा अन्याय आहे. त्या अन्यायालाच जीवनाचा नियम ठरवून, ज्याची सवड हिरावली त्यालाच ‘तुला त्याचे काय करायचे’ असे सांगणे हा दुसरा अन्याय आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि ती आजवर चालू आहे. दिवसभराचे काम संपल्यावर संध्याकाळी माणसांनी एकत्र बसून विचार ऐकावेत, ही गरज त्या काळच्या पारतंत्र्यातल्या, आजच्याहून कितीतरी गरीब समाजाला ओळखता आली होती. आजच्या समाजाला ती ओळखता येऊ नये याला काय म्हणावे?

रोजच्या जगण्यातले हे छोटे प्रवास समाजाच्या स्मृतीचे पोषण करतात, आणि ते थांबले तर नाट्यगृहे, लेणी, जत्रा आणि संग्रहालये इमारती म्हणून उरतील, त्यांच्याशी नाते असलेली माणसे उरणार नाहीत. दूरचा प्रवास जरूर करावा. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र त्यालाच एकमेव प्रवास मानून जवळच्या वाटा तुच्छ ठरवणे हे अज्ञान आहे, आणि त्या अज्ञानाला व्यवहाराचे नाव देण्याची प्रथा बंद झाली पाहिजे.

त्यासाठी करण्याजोग्या गोष्टी स्पष्ट आहेत. बहुतेक संग्रहालये नोकरदार माणूस कामावरून सुटण्याच्या वेळेलाच दारे लावून घेतात. ती आठवड्यातून दोन दिवस तरी रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावीत. नगरपालिकांनी आणि महापालिकांनी आपल्या नाट्यगृहांतली स्त्रियांची स्वच्छतागृहे, वातानुकूलन आणि ध्वनियंत्रणा यांची दुरुस्ती पुढच्या उद्घाटनापर्यंत लांबवू नये, आणि प्रयोग सुटण्याच्या वेळी शेवटची बस सोडावी. शाळांनी जलक्रीडा उद्यानांकडे जाणाऱ्या सहलींपैकी निदान एक सहल दरवर्षी आपल्याच जिल्ह्यातल्या लेण्याकडे, गडाकडे किंवा संग्रहालयाकडे वळवावी. आणि वाचकांनी, घरातली आई, सासू किंवा आजी एसटीच्या वेळा विचारू लागली तर कशाला जायचे आहे असे न विचारता तिला त्या वेळा सांगाव्यात, आणि जमल्यास तिच्याबरोबर जावे.